ठाण्यातल्या नौपाड्यातल्या मेडिकल कोडिंग क्लासचं डिप्रेशन-अँग्झायटी मॉड्यूल: पैसे वसूल होतात का?

मेडिकल कोडिंग म्हणजे डॉक्टरच्या नोटमधल्या निदानाला बिलासाठी ठरलेला कोड लावणं. हा रिव्ह्यू पूर्ण सर्टिफिकेशन कोर्सचा नाही. शनिवार-रविवार चालणारं मानसिक आजारांच्या कोडिंगचं जे वेगळं मॉड्यूल आहे, तेवढ्यापुरताच आहे. आधी निकाल सांगून टाकतो: डिप्रेशनचा भाग उत्तम, अँग्झायटीचा कामचलाऊ, आणि रिस्क अ‍ॅडजस्टमेंटच्या (पेशंटच्या आजारांवरून विमा योजनेला मिळणारे पैसे ठरतात, त्या भागाच्या) नोट्स शिळ्या. ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये अमेरिकन पेशंटच्या चार्टवर, म्हणजे वैद्यकीय नोंदींवर, काम करणारा आणि सायकियाट्रीचे चार्ट आले की क्यूएमध्ये (कामाच्या तपासणीत) मार खाणारा कोडर असेल, तर त्याने जरूर करावं. आजच बीएस्सी होऊन बाहेर पडलेल्याने करू नये. कोडच्या पुस्तकातले इंडेक्स आणि टॅब्युलर लिस्ट हे भाग कसे वाचायचे, एक्सक्लूड्स वन (दोन कोड एकत्र लावायचे नाहीत) आणि एक्सक्लूड्स टू (गरज असेल तर दोन्ही लावता येतात) यांत फरक काय, हे इथे कुणी पहिल्यापासून शिकवत नाही.

एक गोष्ट क्लासने पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायला हवी, ती लिहीत नाहीत. इथे शिकवतात ती आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आजारांच्या कोडच्या यादीची अमेरिकेची आवृत्ती. आपल्या हॉस्पिटलांत डिस्चार्ज कार्डावर दिसते ती जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१०. एफ३२, एफ४१ इथपर्यंत दोन्ही सारख्याच वाटतात, पॉइंटच्या पुढे वाटा वेगळ्या होतात. हे न सांगितल्यामुळे पुढे काय घोळ झालाय ते अँग्झायटीच्या भागात येईल.

डिप्रेशनवर दोन पूर्ण सत्रं आहेत आणि ती खरोखर चांगली बांधली आहेत. शिकवणाऱ्या मॅडम ऑडिटमधून आलेल्या आहेत, हे त्यांच्या सरावाच्या कागदांवरून कळतं. एका पानावर एकच पेशंट, एकच तक्रार, फक्त डॉक्टरचं शेवटचं वाक्य प्रत्येक वेळी थोडं बदललेलं. ‘डिप्रेशन’ एवढंच लिहिलं तर एफ३२.ए. ‘मेजर डिप्रेशन’ लिहिलं, तीव्रता नाही, तर एफ३२.९. ‘मेजर डिप्रेसिव्ह डिसऑर्डर, सिंगल एपिसोड, मॉडरेट’ असेल तर एफ३२.१. ‘रिकरंट, मॉडरेट’ असेल तर एफ३३.१. ‘रिकरंट, सिव्हियर, विथ सायकॉटिक सिम्प्टम्स’ आलं की एफ३३.३. ‘पर्सिस्टंट डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’ किंवा ‘डिस्थायमिया’ आलं की घरच बदलतं, एफ३४.१. असे कागद सोडवून झाले की हात आपोआप चार प्रश्नांकडे जातो: एपिसोड पहिला की परतलेला, तीव्रता किती, सायकॉटिक लक्षणं (भास, भ्रम) आहेत का, रेमिशन (लक्षणं ओसरलेली) आहे का.

एफ३२.ए हा कोड १ ऑक्टोबर २०२१ पासून आला. त्याआधी नुसतं ‘डिप्रेशन’ लिहिलेला पेशंट एफ३२.९ मध्ये, म्हणजे मेजर डिप्रेशनच्या खात्यात, जमा होत असे. डॉक्टरने जे म्हटलंच नाही ते निदान पेशंटच्या रेकॉर्डला चिकटत होतं. जुन्या हाताचे कोडर अजूनही सवयीने एफ३२.९ टाकतात आणि ऑडिटला तिथेच सापडतात. मॅडम या एका कोडवर तब्बल पाऊण तास घालवतात. वेळ सत्कारणी लागतो.

‘रिकरंट’ हा शब्द डॉक्टरचाच हवा, यावरही त्यांचा भर आहे. चार वर्षांपूर्वीच्या नोटमध्ये डिप्रेशन होतं, मध्ये पेशंट बरा होता, आज परत आलाय, मग एफ३३ लावू या, असा हिशेब कोडरने करायचा नसतो. त्याच धर्तीवर औषधाच्या यादीवरून निदान काढायचं नाही. हा तास मॉड्यूलमधला सर्वांत उपयोगी म्हणावा लागेल, कारण उदाहरणं नेमकी आहेत. ड्युलॉक्सेटीन दिसलं म्हणून डिप्रेशन नाही, ते डायबेटिक न्यूरोपथीच्या वेदनेसाठीही देतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन मायग्रेनसाठी असू शकतं, ट्रॅझोडोन झोपेसाठी, ब्युप्रोपियॉन सिगारेट सोडवायला. औषध आहे आणि निदान कुठेच नाही, तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी विचारणा, टाकायची. कोड टाकायचा नाही.

उलट बाजूचा सापळा रेमिशनचा. ‘स्टेबल ऑन सर्ट्रालिन’, ‘डुइंग वेल’, ‘मूड गुड’ यांतलं काहीही रेमिशन नाही. एफ३२.४, एफ३२.५, एफ३३.४१ किंवा एफ३३.४२ लावायला ‘पार्शल रेमिशन’ किंवा ‘फुल रेमिशन’ हे शब्द नोटमध्ये लागतात. नुसतं ‘रिकरंट, इन रेमिशन’ असेल तर एफ३३.४०. ‘हिस्टरी ऑफ डिप्रेशन’ लिहिलंय आणि त्याच पानावर एस्सिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम चालू आहे, असा चार्ट रोज येतो. फ्रेशर डोळे मिटून झेड८६.५९ टाकतो, म्हणजे आजार होऊन गेला असं लिहून मोकळा होतो. अमेरिकेतले बरेच डॉक्टर ‘हिस्टरी ऑफ’ हे शब्द चालू आजारालाही वापरतात, त्यामुळे औषध चालू दिसलं की विचारून घेणं भाग असतं. क्लासमध्ये यावर सहा चार्ट दिले आहेत, सगळे वेगवेगळ्या बाजूने फसवणारे. दोनदा सोडवावेत.

पीएचक्यू-९ या डिप्रेशन मोजायच्या प्रश्नावलीची माहिती नीट दिली आहे. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. पाच ते नऊ सौम्य, दहा ते चौदा मध्यम, पंधरा ते एकोणीस मध्यम-तीव्र, वीस आणि त्यापुढे तीव्र. अँग्झायटीच्या जीएडी-७ प्रश्नावलीचं एकूण २१, टप्पे ५, १० आणि १५. पण हे टप्पे डॉक्टरच्या उपयोगाचे. स्कोअर १७ आणि निदानात नुसतं ‘मेजर डिप्रेशन’ असेल तर कोड एफ३२.९ च. १७ वरून ‘सिव्हियर’ किंवा ‘मॉडरेट’ कोडरने ठरवायचं नाही. आणखी एक बारीक मुद्दा इथे सांगतात जो इतरत्र सहसा निसटतो: झेड१३.३१ हा डिप्रेशनच्या स्क्रीनिंगचा कोड लक्षणं नसलेल्या माणसाच्या चाळणीसाठी आहे. ज्याला आधीच डिप्रेशन आहे त्याचा पीएचक्यू-९ दर भेटीला भरून घेतात ती देखरेख झाली, तिथे झेड१३.३१ बसत नाही. चाचणीच्या बिलाचा सीपीटी कोड ९६१२७, तो वेगळा.

डीएसएमचे, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकातले, निकष मात्र गरजेपेक्षा जास्त शिकवतात. मेजर डिप्रेशनला नऊपैकी किमान पाच लक्षणं, दोन आठवडे, त्यात उदास मन किंवा रस संपणं यांपैकी एक हवंच. जनरलाइज्ड अँग्झायटीला सहा महिने. चार्ट समजायला हे बरं. पण एका तासाऐवजी वीस मिनिटं पुरली असती, कारण वर्ग संपताना अर्धी मुलं ‘इथे चारच लक्षणं लिहिलीत, मग मेजर डिप्रेशन कसं?’ असा वाद घालू लागतात. गाइडलाइन स्पष्ट आहे: कोड डॉक्टरच्या विधानावर ठरतो, कोडरच्या मोजणीवर नाही. निदान पटलं नाही तर कंपनीच्या पद्धतीप्रमाणे वर कळवायचं, कोड परस्पर खाली उतरवायचा नाही.

आता अँग्झायटी. इथे क्लासचा पाय घसरला आहे. छापील नोट्समध्ये ‘मिक्स्ड अँग्झायटी अँड डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’ समोर एफ४१.२ छापलंय. हा कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये आहे, अमेरिकन आवृत्तीत नाहीच. तिथे तेच निदान एफ४१.८ मध्ये जातं. एफ४१.२ टाकला तर एन्कोडर (कोड शोधायचं सॉफ्टवेअर) घेणार नाही, आणि हाताने क्लेमवर गेलाच तर अवैध कोड म्हणून परत येईल. कुठल्या तरी जुन्या तक्त्यावरून हे पान उतरवलेलं दिसतं. मॅडमना दाखवल्यावर त्यांनी लगेच फळ्यावर दुरुस्ती केली, त्याबद्दल त्यांचे गुण कापत नाही. पण पुढच्या बॅचला तोच कागद मिळत असेल तर ती क्लासची चूक.

याच विषयातला खरा पेच मात्र पुरेसा उलगडला नाही. डॉक्टर मूल्यमापनात पहिल्या ओळीत ‘अँग्झायटी’ आणि दुसऱ्या ओळीत ‘डिप्रेशन’ असं वेगवेगळं लिहितो, तेव्हा दोन निदानं, दोन कोड: एफ४१.९ आणि एफ३२.ए. तोच डॉक्टर ‘अँग्झायटी डिप्रेशन’ असं एकच निदान म्हणून लिहितो तेव्हा एफ४१.८. आणि ‘पर्सिस्टंट अँग्झायटी डिप्रेशन’ असेल तर टॅब्युलर लिस्टमध्ये ते एफ३४.१ खाली सापडतं, कारण एफ४१.८ खालची नोंद सौम्य किंवा न टिकणाऱ्या प्रकारापुरती आहे. याशिवाय ‘अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर विथ मिक्स्ड अँग्झायटी अँड डिप्रेस्ड मूड’ हे चौथंच प्रकरण, एफ४३.२३. ऐकायला सगळं एकाच माळेचं, पण प्रत्येकाचं घर वेगळं. यावर सरावाचा एकच कागद आहे, किमान चार हवेत.

पॅनिकचं बरं शिकवलंय. पॅनिक डिसऑर्डर एकटा असेल तर एफ४१.०, अ‍ॅगोराफोबियासोबत (गर्दीच्या, मोकळ्या जागांची भीती) असेल तर एफ४०.०१, आणि दोन्ही एकत्र कधीच नाही, तिथे एक्सक्लूड्स वन बसलंय. पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा मानसिक आजार) घाईत उरकलं: एफ४३.१० अनस्पेसिफाइड, एफ४३.११ अक्यूट, एफ४३.१२ क्रॉनिक, संपलं. ओसीडी तर एका स्लाइडवर.

‘रूल आउट’, ‘प्रॉबेबल’, ‘सस्पेक्टेड’ या शब्दांचा नियम क्लासमध्ये येतो, पण ओपीडी आणि आयपीडीतला फरक एका वाक्यात गुंडाळतात. ओपीडी चार्टमध्ये ‘प्रॉबेबल जीएडी’ (जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर) असेल तर अँग्झायटीचा कोड नाही. लक्षणं कोड करायची, जसं झोप न येणं जी४७.००, थकवा आर५३.८३. आयपीडीत डिस्चार्जच्या वेळीही निदान संशयितच राहिलं असेल तर ते असल्यासारखंच कोड होतं. ऐरोलीतल्या बऱ्याच प्रोजेक्टवर दोन्ही प्रकारचे चार्ट एकाच शिफ्टमध्ये येतात, म्हणून यावर वेगळा तास हवा होता.

प्रॉब्लेम लिस्टचा मुद्दा चांगला घेतलाय. जुन्या यादीत ‘डिप्रेशन’ तसंच पडून, आजच्या नोटमध्ये ‘बायपोलर टू’. दोन्ही टाकले की एडिट लागतं, म्हणजे सॉफ्टवेअर चूक दाखवतं, कारण एफ३२ खाली बायपोलर एक्सक्लूड्स वनमध्ये आहे. एफ३१.८१ एकटा पुरे. थायरॉइडचंही तसंच. ‘हायपोथायरॉइडिझममुळे डिप्रेशन’ असं डॉक्टरने जोडून दिलं असेल तर आधी ई०३.९, मग एफ०६.३१. दोन आजार नुसते शेजारी शेजारी लिहिले असतील तर नातं आपण लावायचं नाही, ई०३.९ आणि एफ३२.ए वेगवेगळे जातात.

गर्भवतीच्या चार्टवर अर्धा तास दिला आहे, तो कमी पण अचूक. मेजर डिप्रेशन असलेली बाई गरोदर असेल तर आधी ओ९९.३४ च्या घरातला कोड, तोही तिमाहीप्रमाणे: १४ आठवड्यांच्या आत ओ९९.३४१, १४ ते २८ च्या आत ओ९९.३४२, २८ आठवडे झाल्यावर ओ९९.३४३. त्यानंतर एफ३२ किंवा एफ३३. प्रसूतीनंतरचं डिप्रेशन म्हणजे एफ५३.०, हा कोड १ ऑक्टोबर २०१८ पासूनचा. आणि ‘बेबी ब्लूज’ म्हणजे ओ९०.६, त्याला डिप्रेशन म्हणू नये.

आत्महत्येच्या विचारांचा कोड, आर४५.८५१, क्लास गांभीर्याने घेतो. एफ३२ किंवा एफ३३ लावला म्हणून तो गळू द्यायचा नाही, डॉक्टरने लिहिलं असेल तर सोबत जातो. प्रयत्न झाला असेल तर मात्र हा कोड नाही, तिथे टी१४.९१ च्या घरात किंवा विषबाधा-जखमेच्या कोडकडे जायचं. पूर्वी कधी प्रयत्न झाल्याची नोंद झेड९१.५१. सरावाचे चार्ट सगळे रचलेले आहेत, खऱ्या पेशंटचे काळं फासून आणलेले नाहीत, हे विचारून खात्री करून घेतली. वर्गात कुणी अशा चार्टवर फिदीफिदी हसू लागलं तर मॅडम तिथल्या तिथे थांबवतात.

सर्वांत मोठी तक्रार रिस्क अ‍ॅडजस्टमेंटच्या भागाबद्दल. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजचे (अमेरिकेच्या सरकारी मेडिकेअर विम्याच्या, खासगी कंपन्या चालवतात त्या योजनांचे) चार्ट करणाऱ्यांसाठी हाच भाग पैशाचा, आणि इथेच नोट्स व्ही२४ या जुन्या मॉडेलवर थांबल्या आहेत. त्यात मेजर डिप्रेशन एचसीसी ५९ मध्ये, म्हणजे पैसे ठरवणाऱ्या एका आजारगटात, होतं. एफ३२.० पासून एफ३२.५ पर्यंत आणि अख्खं एफ३३ आत होतं, एफ३२.९ बाहेर. व्ही२८ मॉडेल २०२४ च्या पेमेंट वर्षापासून टप्प्याटप्प्याने लागू झालं आणि २०२६ मध्ये पूर्ण. त्यात एचसीसी १५५ उरली ती सायकॉटिक लक्षणं नसलेल्या मध्यम आणि तीव्र मेजर डिप्रेशनसाठी. सौम्य गेलं, रेमिशन गेलं, एफ३३.९ सुद्धा गेलं. क्लासच्या तक्त्यावर विश्वास ठेवून कुणी एफ३३.० ला एचसीसी दाखवली तर पहिल्याच आठवड्यात टीम लीड जागेवर बोलावेल.

याला जोडून एक वाक्य वर्गात बोललं गेलं ते आक्षेपार्ह वाटलं: ‘डॉक्टरला क्वेरी करून मॉडरेट लिहून घ्या.’ क्वेरी अशी नसते. नोटमधल्या खुणा समोर ठेवायच्या, म्हणजे पीएचक्यू-९ चा आकडा, औषधाचा वाढवलेला डोस, कामावर न जाणं. आणि सौम्य, मध्यम, तीव्र, इतर, ठरवता येत नाही, असे सगळे पर्याय द्यायचे. पैशाचा किंवा एचसीसीचा उल्लेख त्यात चुकूनही नको. उत्तर सुचवणारी क्वेरी ऑडिटमध्ये सापडली तर ती कोडरच्या नावावर जाते, क्लासच्या नाही. त्याच तासाला ‘मीट’ शिकवतात: मॉनिटर, इव्हॅल्युएट, असेस, ट्रीट. त्यातलं एक तरी त्या भेटीच्या नोटमध्ये दिसल्याशिवाय आजार उचलायचा नाही. हे बरोबर आहे आणि चांगल्या उदाहरणांनी सांगितलंय.

अनस्पेसिफाइड कोडबद्दल एक जाता जाता. वर्गात ‘पॉइंट नाइन म्हणजे आळशीपणा’ असं बोलायची पद्धत आहे. ते चूक. नोटमध्ये माहितीच नसेल तर अनस्पेसिफाइड कोडच खरा, गाइडलाइन तसंच म्हणते.

आयसीडी-११ वर शेवटी अर्धा तास आहे. ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली तरी अमेरिकन बिलिंग अजून आयसीडी-१०-सीएमवरच चालतं, त्यामुळे रोजच्या कामाला उपयोग शून्य. एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी: तिथे चिंता आणि नैराश्य मिश्र असलेला आजार ६ए७३ म्हणून मूडच्या गटात नेलाय, अँग्झायटीतून बाहेर काढून. ठाण्यातल्या हॉस्पिटलांत टीपीए, म्हणजे विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या, डेस्कवर काम करायची इच्छा असणाऱ्यांनी मात्र हे मॉड्यूल त्या हेतूने घेऊ नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २१ व्या कलमाने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांसारखीच विम्याची सोय करणं बंधनकारक केलंय. पण तो क्लेम, त्याची कागदपत्रं आणि त्यातली भांडणं यांचा इथे उल्लेखही होत नाही.

जागेबद्दल थोडक्यात. वर्ग पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ऐरोली-घणसोलीकडून ट्रान्सहार्बरने येणाऱ्यांनी पूल ओलांडून पश्चिमेला उतरावं, गोखले रोडने चालत यावं. रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा पाय लवकर पोचवतात. एसी चालतो, प्रोजेक्टरचा रंग उडालाय, मागच्या दोन रांगांतून टॅब्युलर लिस्टचे पॉइंटच्या पुढचे आकडे दिसत नाहीत. आकडाच न दिसणं हे कोडिंगच्या वर्गात फार झालं, म्हणून लवकर जाऊन पुढे बसावं. पुस्तक स्वतःचं न्यावं लागतं आणि ते चालू वर्षाचं हवं. नवे कोड १ ऑक्टोबरला लागू होतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये सेकंडहँड पुस्तक घेणाऱ्याने दोनदा विचार करावा. सीपीसी या कोडरच्या सर्टिफिकेशन परीक्षेचा विचार असेल तर मानसिक आजारांच्या एफ चॅप्टरला टॅब लावायची त्यांची पद्धत उचलण्यासारखी आहे. परीक्षा पुस्तक उघडून देता येते, पण १०० प्रश्नांना ४ तास, म्हणजे प्रश्नाला अडीच मिनिटंही नाहीत. एफ३२, एफ३३, एफ४१, एफ४३ एवढेच चार टॅब लावतात, जास्त लावले की बोटं अडकतात.

फी भरण्याआधी काउंटरवर नोट्सचा संच मागून दोन पानं उघडून पाहावीत. अँग्झायटीच्या तक्त्यात एफ४१.२ अजून छापलेलं असेल किंवा एचसीसीच्या पानावर ५९ हा आकडा असेल, तर नवा संच कधी येणार ते लेखी विचारावं. तारीख मिळाली नाही तर पुढच्या बॅचपर्यंत थांबावं. नाहीतर डिप्रेशनची दोनच सत्रं वेगळी मागून तेवढीच घ्यावीत. तशी सोय आहे, पण आपणहून कुणी सांगत नाही.